खोलीची आस

काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंचा तानपुरा माझ्या खोलीत लागला की खर्जाची तार फुगायची. पंचम स्वच्छ, जोडीच्या तारा गोड, जवारी छान उघडलेली. पण खर्ज छेडला की एक जाड गोळा उठायचा आणि पुढच्या पंचमावर जाऊन बसायचा. बाई दोरा सरकवायच्या, मणी हलवायच्या, परत छेडून बघायच्या. तानपुऱ्यात काही खोट नव्हती. तोच तानपुरा बाहेरच्या खोलीत नेला की शहाण्यासारखा वाजायचा.

पुण्यातल्या फ्लॅटमधली मुलांची बेडरूम, तीच माझी रेकॉर्डिंगची खोली. 10 फूट बाय 11 फूट, उंची साडेनऊ. आवाज सेकंदाला साधारण 1130 फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची बरोबर अर्धी लांबी बसते ती लहर तिथे अडकते, उभी राहते आणि फुगते. 11 फुटांना हा आकडा येतो 51 हर्ट्झ, 10 फुटांना 56, साडेनऊला 59. त्यांची दुप्पट म्हणजे 103, 113 आणि 119. काळी पाचचा खर्ज आहे एकशे साडेसोळा. बिल्डरने खोली जवळजवळ चौकोनी ठोकळ्यासारखी बांधली आहे. राहायला त्यात काही वाईट नाही, पण तिन्ही मापं एकमेकांच्या इतकी जवळ आली की तिन्ही दिशांचा घुमारा एकाच जागी गोळा होतो. खोली लांबट असती तर हेच आकडे पांगले असते.

त्यात बैठक होती खोलीच्या मध्यावर. गाणाऱ्याला मधे बसवायचं, चारी बाजूंनी मोकळं ठेवायचं, हे कोणालाही बरोबरच वाटेल. पण मध्यावर ही दुपटीची लहर सगळ्यात जोरात असते, आणि भिंतीपासून पाव अंतरावर ती जवळजवळ नाहीशी होते. बाई जमिनीवर बसतात, माइक अडीच फुटांवर. साडेनऊचा पाव भाग म्हणजे सुमारे तेवढाच, त्यामुळे उंचीचा 119 तिथे आपोआप गप्प. खरा उपद्रव रुंदीच्या 113चा होता. सतरंजी मधून उचलली आणि एका बाजूच्या भिंतीपासून अडीच फुटांवर अंथरली. एक खिळा न ठोकता खर्ज बराचसा खाली बसला. भिंत इतकी जवळ आल्यामुळे तिच्यावरून उलटणारा आवाज माइकमध्ये शिरायला लागला, पण तो ऐकू येण्यासारखा आणि अडवण्यासारखा होता. खर्जाचं तसं नसतं.

घरात रेकॉर्डिंग सुरू करणारी बरीच मंडळी मला विचारायला येतात, आणि बहुतेकांच्या मनात दोन वेगळी कामं एक झालेली असतात. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम. आत झालेला आवाज भिंतींवरून किती परत येऊ द्यायचा हे ठरवणं, हे दुसरं. पहिल्याला वजन लागतं आणि फटी बंद कराव्या लागतात. दुसऱ्याला सच्छिद्र जाडी लागते. भिंतीला फोम चिकटवून रिक्षाचा हॉर्न थांबत नाही. ज्यातून फुंकर आरपार जाते त्यातून हॉर्नही जातोच. पहिल्या कामात मी फार खोलात गेले नाही. दाराच्या चौकटीला रबराची पट्टी, उंबऱ्याशी खाली सरकणारी झडप, खिडकीला आतून हातभर अंतरावर दुसरी जाड काच. एवढ्याने बोलण्याचे आवाज, कोकिळा, घंटागाडीचं गाणं बरंच मागे गेलं. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकते तो आवाज स्लॅबमधून येतो, त्याला इलाज खोलीत खोली बांधण्याचा, आणि तो भाड्याच्याच काय, मालकीच्या फ्लॅटमध्येही करू नये असं माझं मत आहे. त्यापेक्षा वरच्या काकूंना फोन करणं स्वस्त पडतं. काकू भल्या आहेत. "तुझं झालं की सांग गं, मग मी मिक्सर लावते," म्हणतात.

दुसऱ्या कामाचं शास्त्र ज्याने उभं केलं त्याला रात्रीच काम करावं लागलं होतं. 1895 साली हार्वर्डमध्ये फॉग म्युझियमचं नवं व्याख्यानगृह उघडलं आणि तिथे कोणाचं बोलणं कोणाला कळेना. वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्राच्या शिक्षकाकडे ते दुखणं सोपवलं गेलं. रिकाम्या सभागृहात ऑर्गनची नळी थांबवल्यावर आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत होता. सॅबिनने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या उशा रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या मांडत गेला, प्रत्येक वेळी घुमारा किती सेकंदांनी विझतो ते मोजलं आणि सकाळच्या आत उशा जागच्या जागी नेऊन ठेवल्या. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही चालतं: खोलीचं आकारमान घनमीटरमध्ये घ्या, 0.161ने गुणा, आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. शोषण मोजायला त्याने माप घेतलं ते उघड्या खिडकीचं. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक पूर्ण शोषण.

माझी खोली सुमारे 30 घनमीटर. रिकामी असताना, नुसतं प्लास्टर आणि गुळगुळीत टाइल्स, हिशेबाने अडीच सेकंदांच्या घरात घुमायची. बोलण्याच्या कामाला मला 0.3 सेकंद हवे होते. सूत्र उलटं फिरवलं तर त्यासाठी 16 चौरस मीटर उघडी खिडकी लागते. एवढी खिडकी माझ्या एकाही भिंतीत मावत नाही, आणि मावली तरी बाहेर कर्वे रस्ता आहे. म्हणून खिडकीचं काम करणाऱ्या वस्तू भिंतींवर टांगायच्या. मात्र हे सूत्र मोठ्या सभागृहासाठी निघालेलं, लहान खोलीत ते खालच्या सुरांना लागू पडत नाही. कुठपासून लागू पडतं ती सीमा काढायचं गणित पुढे मानफ्रेड श्रोडर या जर्मन शास्त्रज्ञाने दिलं. माझ्या खोलीत ती 200 हर्ट्झच्या आसपास येते. त्याच्या वर सॅबिनचा हिशेब, खाली भिंतींच्या मापांचा.

वस्तू कुठल्या? अंड्यांचे ट्रे सगळ्यांना सुचतात. ते पातळ पुठ्ठ्याचे असतात. वरवरचा टणत्कार थोडा मोडतात आणि खर्जाला कळतही नाही की आपण ट्रेमधून गेलो. भिंतीला चिकटवायचा पिरॅमिडच्या आकाराचा फोम दिसायला स्टुडिओसारखा दिसतो, फोटोत छान येतो. दोन इंचाचा फोम 'स' आणि 'च' खातो, आवाजाची चमक खातो, आणि 100 ते 200 हर्ट्झचा लगदा तसाच ठेवतो. खोली शांत वाटते पण आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. शिवाय साधा पॉलियुरेथेन फोम भडकून जळतो. 2003च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या 'द स्टेशन' या नाइटक्लबमध्ये रंगमंचावरच्या आतषबाजीने भिंतीवरच्या फोमला आग लागली आणि 100 माणसं गेली. आपल्या खोलीत कोणी आतषबाजी करणार नाही, पण वायरी, चार्जर आणि दिवे तर असतातच. फोम मी घेतला नाही.

मी घेतली रॉकवूल. दगड वितळवून काढलेले तंतू. बॉयलरला, एसीच्या डक्टला गुंडाळतात ती. घनमीटरला 48 किलो वजनाची, 50 मिलिमीटर जाडीचे स्लॅब, दोन एकावर एक ठेवून 100 केले. ती जळत नाही, कुजत नाही, पावसाळ्यात तिला बुरशी धरत नाही. हातांना मात्र सपाटून खाजते. मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गच्चीवर काम, हे तीन नियम मी पाळले आणि मदतीला आलेल्या भाच्याने पाळले नाहीत. संध्याकाळभर तो नळाखाली हात धरून बसला होता.

चौकटींसाठी भवानी पेठेतल्या लाकूड बाजारातून पॅकिंगच्या खोक्यांचं जुनं पाइन आणलं. स्लॅबच्या मापाने चौकट केली, चौकटीच्या मापाने स्लॅब कापला नाही, कारण कापलेल्या कडेतून तंतू झडत राहतात. कापड रविवार पेठेतून. दुकानदार मला सोफ्याचं कापड दाखवत होता आणि मी प्रत्येक ठाण ओठांना लावून फुंकर मारून बघत होते. जे फुंकर अडवतं ते आवाजही माघारी पाठवतं. शेवटी कोरा मांजरपाट निवडला. आतून पातळ नॉनवोव्हनचं अस्तर, म्हणजे तंतू बाहेर येणार नाहीत.

सुतारकाकांना या सगळ्यात एकच गोष्ट पटत नव्हती. "ताई, मागून प्लाय ठोकू ना?"

"नको, मागचं उघडं ठेवा."

"मग उंदीर जाईल की. आणि वजन कोण धरणार? नुसत्या चौकटीत गादी भरल्यासारखं झालं हे."

मागचं उघडं ठेवायचं कारण असं. भिंतीला अगदी चिकटून हवा हलतच नाही. तिथे दाब असतो, हालचाल नसते. रॉकवूल काम करते ती हलणाऱ्या हवेवर: हवा तंतूंमधून घासत जाते आणि तिची शक्ती उष्णतेत जिरते. हवेची हालचाल सगळ्यात जास्त असते ती भिंतीपासून लहरीच्या पाव लांबीवर. 500 हर्ट्झला हे अंतर 17 सेंटिमीटर, 100 हर्ट्झला 86. म्हणून 10 सेंटिमीटरचं पॅनेल भिंतीपासून आणखी 10 सेंटिमीटर पुढे टांगलं तर जास्तीचा एक पैसा न घालता ते खालच्या सुरांपर्यंत पोचतं. पण 86 सेंटिमीटर कोण देणार? लहान खोलीला जाडी सगळ्यात जास्त लागते आणि जाडी द्यायला जागा सगळ्यात कमी असते. या एका अडचणीभोवती बाकी सगळं फिरतं. पातळ वस्तूंनी कितीही भिंत झाका, ती भरून निघत नाही.

त्यातल्या त्यात जागा मिळते ती कोपऱ्यांत. सगळ्या दिशांच्या लहरींचा दाब कोपऱ्यात येऊन भिडतो, आणि कोपऱ्यात कोणी बसतही नाही. जमिनीपासून छतापर्यंत त्रिकोणी रचून रॉकवूल भरली, पुढे मांजरपाट ताणला. दाराचा कोपरा सोडावा लागला, म्हणून तिथली भर छताच्या कडेला काढली. याआधी एका मित्राने सुचवलं होतं की जुन्या कापसाच्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या कर, फुकटात काम होईल. होतंही. कापूस चांगला शोषतो. पण पुण्यातल्या दोन पावसाळ्यांनंतर त्या गाद्यांचं काय होतं ते त्याच्याच घरी हुंगून आले होते.

बाकीची पॅनेलं कुठे लावायची यासाठी आरसा. मी स्पीकरांसमोर खुर्चीत बसले, भाच्याने हातातला आरसा भिंतीवरून सरकवत नेला. आरशात जिथे स्पीकर दिसला तिथे पेन्सिलची खूण. प्रकाश जसा उलटतो तसाच वरच्या पट्टीतला आवाज उलटतो, त्यामुळे एवढं पुरतं. छतालाही तसंच. दोन भिंतींमध्ये टाळी वाजवली की जो टर्रर्र असा धातूचा आवाज निघायचा तो पहिल्या चार पॅनेलांतच गेला. मग संगणकावर रूम इक्यू विझार्ड लावून खालपासून वरपर्यंतचा सूर फिरवला आणि आलेख काढला. 113चा डोंगर टेकडीवर आला होता. 51 ते 59च्या पट्ट्याने मात्र काहीच मनावर घेतलं नव्हतं.

आलेखावर खोली छान झाली होती. रेकॉर्डिंगसाठी पुस्तक वाचणाऱ्यांना ती आवडली. 2017मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप भारतात आल्यापासून मराठी पुस्तकं कानांनी वाचणारे वाढले आणि माझ्याकडचं निम्मं काम त्याचं झालं. वाचनाच्या रेकॉर्डिंगमध्ये खोलीचं सगळं उघडं पडतं. कादंबरीत कोणी हळू आवाजात बोललं की ते वाक्य नंतर वर उचलावं लागतं. 10 डेसिबल वर उचललं तर त्याच्याबरोबर खोलीही 10 डेसिबल वर येते; परिच्छेदाच्या मधल्या शांततेत भिंती ऐकू येतात. घुमारा पुसणारी सॉफ्टवेअरं आता बरीच चांगली झाली आहेत, मी वापरते. पण ती शब्दाच्या शेवटचा श्वास खातात. 'आह', 'हं', वाक्याच्या टोकाला विरत जाणारा हकार, यांच्यावरच तर वाचणाऱ्याचा अभिनय उभा असतो. त्यामुळे पुसत बसण्यापेक्षा घुमारा होऊच न देणं बरं. वाचकाच्या समोरचं गुळगुळीत टेबलही मी काढून टाकलं. त्यावरून उलटलेला आवाज मूळ आवाजात मिसळून त्याचे काही सूर खाऊन टाकायचा. आता संहिता टॅबवर, आणि टॅब तिरक्या स्टँडवर.

बाईंना मात्र खोली आवडली नाही. सतरंजीवर बसल्या, षड्ज लावला, आणि थांबल्या.

"अगं, आवाज जातोय कुठे? परत येतच नाही."

"बाई, रेकॉर्डिंगमध्ये सुरेख येतोय. ऐकवू का?"

"रेकॉर्डिंगचं तू बघ. मला गाताना कळायला नको?"

त्यांचं बरोबर होतं. गाणारा माणूस आवाज सोडतो आणि परत आलेल्या आवाजावर पुढचा स्वर बेततो. खोलीने काहीच परत दिलं नाही तर तो नकळत जोर लावतो, तारसप्तकात गळा ताणतो, आलापीतले थांबे आखूड करतो. हेडफोनमध्ये थोडा कृत्रिम घुमारा देऊन सिनेमाच्या गाण्यांचं काम निभतं. ख्याल गाणाऱ्या, कान उघडे ठेवून तानपुऱ्यात बसलेल्या माणसाला ते चालत नाही. आणि यंत्र आणि माणूस यांच्यात निवड करायची असेल तर गाणाऱ्याचं ऐकायचं, आलेख थोडा बिघडला तरी चालेल, असं मी ठरवून टाकलं आहे. काही ध्वनिमुद्रकांना हे पटत नाही. त्यांनी घरी बसून तासभर विलंबित गाऊन बघावं.

शोषण काढून टाकलं तर खालचा लगदा परत येणार. हवं होतं ते असं की खालचे सूर आत जावेत आणि वरचे थोडे परत यावेत. म्हणून बाईंच्या समोरच्या भिंतीवरच्या पॅनेलांवर दीड इंची लाकडी रिपा उभ्या ठोकल्या, मधली अंतरं मुद्दाम कमीजास्त ठेवली. लांब लहरींना रिपा दिसत नाहीत, त्या सरळ आत जातात. आखूड लहरी लाकडावर आपटून विखरून परत येतात. मागच्या भिंतीवर पुस्तकांचं मोठं उघडं कपाट आणलं. श्रोडरने मूळ संख्यांच्या गणितावर बेतलेले, कमीजास्त खोलीच्या खाचांचे विखुरक सुचवले होते आणि जगभरच्या स्टुडिओंत ते दिसतात. पण ते डोक्यापासून बरेच लांब असले तरच काम करतात, 10 फुटांच्या खोलीत नाही. दिवाळी अंक, जाड कोश, बारके कवितासंग्रह पुढेमागे सरकवून ठेवले की माझ्यापुरतं विखुरणं होतं. गालिचाही काढला. तो फक्त वरचं खात होता, आणि वरचं मला आता परत हवं होतं. टाइल्सवर नुसती सतरंजी राहिली. जमिनीवरून येणारी ही थोडी झळाळी बैठकीत बसणाऱ्या गायकाला जन्मापासून सवयीची असते. पुढच्या वेळी बाई काही बोलल्या नाहीत, फक्त ठरल्यापेक्षा बराच वेळ गायल्या. मीटर 0.4 सेकंद दाखवत होतं. वाचनासाठी ते जरा जास्त आहे, म्हणून वाचक आला की रिपांपुढे घोंगड्या सोडते. माणदेशातून आणलेल्या जाड लोकरीच्या आहेत, वरच्या पट्टीला त्यांच्यासारखं काही नाही.

राहिला 51 ते 59चा पट्टा. गायकांना आणि वाचकांना त्याने काही फरक पडत नव्हता, म्हणून मीही त्याच्याकडे काणाडोळा केला होता. मग भजनी मंडळाचं काम आलं आणि पखवाज खोलीत शिरला. ओली कणीक लावलेली धूम एका थापेत या पट्ट्याला जागं करायची आणि तो पुढच्या थापेपर्यंत झोपायचा नाही. सम कुठली, खाली कुठली, सगळं एकाच जाडीचं. इतक्या खाली रॉकवूलचा उपयोग नाही. 56 हर्ट्झची पाव लांबी दीड मीटर होते. तिथे हलणारा पडदा लागतो: बंद हवेवर बसवलेली प्लायची फळी, जी नेमक्या सुराला स्वतः हलते आणि त्याची शक्ती खाते. त्याचं सूत्र सोपं आहे. फळीचं दर चौरस मीटर वजन आणि मागच्या हवेची खोली मीटरमध्ये यांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा, आणि 60ला त्याने भागा. 12 मिलिमीटरची प्लाय चौरस मीटरला साधारण सव्वासात किलो भरते. मागे 16 सेंटिमीटर हवा ठेवली की उत्तर येतं 56.

सुतारकाकांना बोलावलं. या वेळी पुढून प्लाय, मागून भिंत, आत कडेने थोडी रॉकवूल, आणि हवा जायला सुईएवढी फट नको, प्रत्येक सांधा सिलिकॉनने भरायचा. काका खूश झाले. "आता कसं, कपाटासारखं दिसतंय. हे आधीच सांगितलं असतं तर." खोका भिंतीवर बसल्यावर फळीवर बोटं ठेवून पखवाजाची थाप ऐकली तर फळी थरथरताना लागते. आलेखात 56ची शेपटी निम्म्यावर आली. 51 तसाच राहिला. त्याच्यासाठी त्याच प्लायच्या दुसऱ्या खोक्याला 19 सेंटिमीटर खोली लागेल, आणि तो 11 फुटांच्या टोकाच्या भिंतीवर बसवावा लागेल. तिथे टाळकरी बसतात. चार टाळकरी आधीच कोपरं आवरून वाजवतात, त्यामुळे दुसरा खोका केला नाही. पखवाजाचा माइक वीतभर जवळ घेते, 50च्या खालचं कापते, आणि 51ला मिक्समध्ये तीनचार डेसिबल दाबते.